हात पोहोचला तिथवर

नारळ फुटला. आदिनाथने त्यातलं पाणी रोपवाटिकेतल्या पहिल्या ट्रेवर शिंपडलं, एक शकल शेडनेटच्या दारात ठेवलं आणि टोमॅटोच्या बियांचं पाकीट घेऊन तो बायकांकडे वळला. साखराबाईने हात पदराला पुसून ओंजळ पुढे केली होती. दर हंगामाला करायची तशीच. पाकीट त्या ओंजळीवरून पुढे गेलं आणि शेजारी बसलेल्या संगीताच्या हातात पडलं.

“औंदा संगीताच्या हातून पडू द्या पहिलं बी,” आदिनाथची बायको सुनिता दारातून म्हणाली. तिच्या कडेवर वर्षाचं पोर होतं. “लेकुरवाळी हाय ती. बरं असतंय.”

साखराबाईची ओंजळ हवेत तशीच राहिली. मग तिने ती उलटी केली आणि दोन्ही तळहात एकमेकांवर झटकले, जणू धूळच झटकायची होती.

“मावशी, तुमी झारी घ्या,” आदिनाथ तिच्याकडे न बघता म्हणाला. “तुमाला आता गुडघ्यानं बसवत न्हाई.”

“बी काय गुडघ्यानं टाकतेत?” साखराबाई म्हणाली.

बाकीच्या बायका हसल्या. आदिनाथही हसला. त्या हसण्यात विषय मिटला. साखराबाईने झारी उचलली, हौदावर जाऊन भरली आणि बायकांकडे पाठ करून उभी राहिली. न बघताही तिला सगळं दिसत होतं. ओल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुग्यात, बोटाच्या टोकाने खळगा करायचा, त्यात एक बी सोडायचं, वर चिमूटभर भुगा घालायचा, आणि दाबायचं नाही. नव्या बाया हमखास दाबतात. संगीता दाबत नव्हती, कारण तिला हे साखराबाईनेच शिकवलं होतं.

रोपवाटिका माजलगावच्या कालव्याच्या कडेला होती. आता तिथे हिरवं शेडनेट आलं होतं, प्लास्टिकचे ट्रे आले होते, दारात पाटी लागली होती. पण सुरुवात आदिनाथच्या आईने, रुक्मिणीबाईने, चार बांबू आणि जुन्या लुगड्यांच्या सावलीत केली होती. पहिल्या वर्षी टाकलेलं बी जळालं. दुसऱ्यांदा टाकलं, तेही जळालं. तिसऱ्या खेपेला रुक्मिणीबाईने बांधावर खुरपत असलेल्या साखराबाईला हाक मारली.

“ये गं, तू टाक.”

“माझ्या हातून?” साखराबाई चरकली.

“मपल्या लेकुरवाळ्या हातानं दोनदा जळालं. तुझ्या हातानं जळालं तर काय नवल व्हनार हाय?”

ते बी झाडून सगळं उगवलं.

साखराबाईला मूलबाळ नव्हतं. म्हणून गावात कुणी तिला तोंडावर फारसं काही बोललं, असं नाही. फक्त पेरणीच्या दिवशी तिफणीपाशी तिला कुणी थांबू देत नसे. ओटी भरायचं बोलावणं तिच्या दारावरून पुढे जाई. तान्हं पोर घेऊन बसलेल्या बाया ती दिसली की पोराचं तोंड पदराखाली घेत. पुढे पुढे तीच आपला उजवा हात पदराखाली घेऊ लागली. हात दिसला नाही की बाया निर्धास्त होतात, हे तिला कळलं होतं, आणि मग त्याची सवयच होऊन गेली. त्या हाताला रुक्मिणीबाईने मान दिला. हंगामाचं पहिलं बी साखराबाईच्या हातून पडायचं. माणसं ट्रे न्यायला आली की म्हणायची, बाईच्या हाताला गुण आहे. गेल्या दिवाळीत रुक्मिणीबाई गेली. तिच्याबरोबर तो मानही गेला, हे मात्र साखराबाईला आज, झारी भरताना कळलं.

आणि गेला तो कुणाकडे? संगीताकडे. संगीता तिच्याच गल्लीतली. नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जाऊन जाऊन पोरगी वाळून चालली होती. दोन लेकरांना घेऊन पाचटाच्या खोपीत राहायची. “हिला हितं घ्या, हुशार हाय,” असं रुक्मिणीबाईला साखराबाईनेच सांगितलं होतं. एकदा नाही, दहादा. मीच आणली, मीच शिकवली, ही दोन वाक्यं त्या दिवशी साखराबाईच्या मनात जात्यासारखी फिरत राहिली. दुपारी संगीताची लेक डबा घेऊन आली. आईला ‘माय’ म्हणून तिने शेडनेटच्या दारातून अशी हाक मारली, की साखराबाई झारी घेऊन पलीकडच्या टोकाला गेली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्रिंबक शेळ्या बांधत होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“मग? रोजगार तर तेवढाच हाय न?”

“रोजगाराचं न्हाई वो. मान गेला.”

“आपल्या शेरडाला कोन मान देतंय? दूध देतीच की ती.” तो स्वतःच हसला. ती हसली नाही, म्हणून त्याने विषय बदलला. “ते सोड. हिकडं बग, दुधीला दुसरं कवळं लागलं.”

पत्र्यावर चढवलेल्या वेलाकडे त्याने बोट दाखवलं. बोट दुमडलेलं होतं, अंकुशासारखं. कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवायचं नसतं. दाखवलं तर फळ सडतं, गळून पडतं. हे साखराबाईला तिच्या आईने शिकवलं होतं, त्रिंबकला त्याच्या आईने. कुणी सरळ बोट दाखवून बघितलं होतं, असं काही कुणी सांगितलं नव्हतं.

साखराबाई त्या दुमडलेल्या बोटाकडे बघत राहिली.

“काय झालं?” त्रिंबकने विचारलं.

“काय न्हाई. मोठं हुईल दुधी,” ती म्हणाली.

बी उगवलं. पांढरट देठांवर दोन दोन पानं उघडली आणि ट्रे बेडवर, म्हणजे लांबट वाफ्यांवर, मांडले गेले. जिचे ट्रे तिचा बेड, ही रुक्मिणीबाईची जुनी शिस्त होती. चूक कुणाची आणि कौतुक कुणाचं, ते त्यामुळे लपत नसे. संगीताला भिंतीकडचा शेवटचा बेड मिळाला होता. त्याच्या एका बाजूला वाट होती आणि दुसऱ्या बाजूला नेटची भिंत. साखराबाईचा बेड मधला. आदिनाथने तिलाही नंतर बसून ट्रे भरू दिले होते. पहिल्या मानाचं सोडून बाकी सगळं ती करतच होती.

सकाळी कुलूप काढायला सगळ्यात आधी साखराबाईच यायची. हौद भरायला लावायचा, दारं उघडायची, वाट झाडायची. एका सकाळी तिने झाडू भिंतीला टेकवला, इकडेतिकडे बघितलं आणि संगीताच्या बेडकडे बोट केलं. सरळ. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिने ते बोट फिरवलं.

काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही तिने तसंच केलं, तिसऱ्याही. रोपं टवटवीत. उलट संगीताचा बेड असा एकसारखा उगवला होता, की आदिनाथने त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकला.

“मावशी, बगा की,” संगीता फोन घेऊन तिच्याकडे आली. “दादानी मपल्या बेडचा फोटो काढला. तुमी शिकवलं म्हनून जमलं.”

“मी कुठं शिकवलं? तुझा हातच तसा,” साखराबाई म्हणाली. शब्द गोड निघाले, म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

त्या रात्री तिला झोप लागेना असं काही झालं नाही. ती नेहमीसारखी झोपली. पण सकाळी उठली ती एक गोष्ट मनाशी धरूनच. आयुष्यभर लोक तिचा हात टाळत आले होते. तोंडाने म्हणत नसले, तरी वांझेचा हात कशालाही लागू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. तिने ते कधी खरं मानलं नव्हतं. रुक्मिणीबाईने तर खोटंच पाडलं होतं. आता रुक्मिणीबाई नव्हती. मग एकदा बघूच की खरं काय ते, साखराबाईला वाटलं. असेल हात तसा, तर दिसू द्या.

रोपं उपटणं तिच्याच्याने झालं नसतं. उभं रोप उपटणं पाप, हे तिच्या हाडीमाशी भिनलं होतं. तिने फक्त हात ठेवला. वाटेत उभी राहून तिने उजवा तळहात संगीताच्या रोपांवर टेकवला आणि फिरवला. मायेने नाही. शाळेतली पोरं पाटी पुसतात तसा, रागाने, पुढे आणि मागे. रोपं कलली, एकमेकांवर पडली आणि हात पुढे सरकला तशी मागून हळूहळू उठून उभी राहिली. तिने पुन्हा फिरवला. तळहाताला हिरवट पिवळा डाग लागला आणि टोमॅटोच्या पाल्याचा तो उग्र वास आला. तोंडातल्या तोंडात ती काय काय बोलत होती. तुला उसाच्या फडातून कुणी काढलं. तुला दोन लेकरं, तुला ओटीचा मान, तुझ्या बेडचा फोटो. एवढं असून तुला माझं एक बी पण पाहिजे.

मग रोजच झालं. झाडून झालं की पाच-सहा फेऱ्या. कधी दुपारी सगळ्या जेवायला झाडाखाली गेल्या, की ‘हौद बगते’ म्हणून परत यायची आणि आणखी एकदा. हे करताना तिला हलकं वाटायचं.

“भाकरीला टमाट्याचा वास येऊ लालाय,” त्रिंबक एकदा जेवताना म्हणाला.

“तुमच्या नाकात शेरडं शिरलीत.”

“शेरडाचा वास मला कळतो बाप्पा. हा टमाट्याचाच हाय.”

तिने ताटावरून उठून साबणाने हात धुतले. वास गेला नाही.

थोडे दिवस गेले आणि फरक दिसायला लागला. आधी तिला वाटलं, आपल्यालाच भास होतोय. मग सुनिताच म्हणाली, “आवो, ह्या संगीताच्या बेडला काय झालं? रोपं दबून ऱ्हायलीत.”

आदिनाथ आला, वाकून बघितलं. बाकीच्या बेडवरची रोपं वीतभर उंच, लुसलुशीत, फिकी हिरवी. संगीताची त्याच्या निम्मी. पानं गर्द पण लहान, देठ आखूड. त्यातही एक चमत्कारिक गोष्ट होती. वाटेकडच्या बाजूची रोपं बुटकी होती आणि नेटच्या भिंतीकडची उंच. मधोमध कुणी दोरी धरून कापावं अशी रेघ होती.

“पानी कमी पडतंय का गं हिकडं?” आदिनाथने विचारलं.

“न्हाई दादा. सारखंच देते म्या.”

“उजेडाचं काहीतरी असंल. नायतर खताचं झारीतून कमीजास्त झालं.” तो चिडला होता. “गिऱ्हाईकाला काय दाखवू ही? इतकं शिस्तीत उगवलेलं अन् तुमी घालवलं.”

संगीताच्या डोळ्यांत पाणी आलं. बाया तिच्याभोवती जमल्या, पाठीवरून हात फिरवू लागल्या. साखराबाई बाजूला उभी होती. तिला त्या रेघेवरून नजर हलवता येत नव्हती. आदिनाथला ती उजेडाची रेघ वाटत होती. साखराबाईला ती आपल्या हाताची लांबी दिसत होती. वाटेत उभं राहून वाकलं की तिचा हात बरोबर तिथपर्यंत पोहोचायचा. जिथवर तिचा हात पोहोचला होता, तिथवर रोपं खुरटली होती. त्याच्या पलीकडे ती सुखाने वाढत होती.

म्हणजे लोक खरं म्हणत होते.

तिला वाटलं होतं, असं झालं की आपल्याला आनंद होईल. ती आपल्या मधल्या बेडपाशी जाऊन बसली. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्या संगीताला समजावत होत्या. एवढं सगळं झालं, तरी कुणी जवळ जायचं ते संगीताच्याच, हेही तिला तशातच टोचलं. आपण किती वाईट आहोत, असं तिच्या मनात आलं, पण टोचणं काही थांबलं नाही.

“कुनाची तरी नदर लागली,” सुनिता म्हणाली आणि कडेवरच्या पोराला तिने उगाच दुसऱ्या कडेवर घेतलं.

साखराबाईने उजवा हात पदराखाली घेतला.

दुसऱ्या दिवसापासून तिने त्या बेडकडे जाणं सोडलं. झाडू मारताना शेवटची वाट ती भराभर उरकायची. रोपं परत उंच होतील, असं तिला वाटत होतं. चार-आठ दिवसांत होण्यासारखं ते नव्हतं. आणि मध्येच आदिनाथ तिच्या बेडपाशी थांबून म्हणायचा, “मावशीची रोपं बगा कशी सरळसोट गेलीत वर. जुनं ते सोनं.” हे ऐकायला ती किती दिवस आसुसली होती. आता ते कौतुक तिला घशाखाली घालता येईना.

रोपं शेतात जायची वेळ आली. नेण्याआधी त्यांना बाहेरची हवा लावावी लागते, नाहीतर शेतात गेल्या गेल्या माना टाकतात. आदिनाथने शेडनेटच्या कडा वर गुंडाळल्या. त्या दिवशी कालव्याकडून वारा होता. वादळ नव्हे, धुणं दोरीवर नीट वाळेल इतकाच. दुपारपर्यंत साखराबाईचा बेड आडवा झाला. इतर बायकांचेही झाले. ती लुसलुशीत उंच रोपं एकमेकांच्या गळ्यात पडून झोपली होती. त्यातली काही बुडातच मोडली होती.

शेवटच्या बेडवरची वाटेकडची रोपं तेवढी उभी होती. वारा आला की हलत होती आणि पुन्हा जागेवर येत होती.

नेमका त्याच वेळी टेम्पो आला. परमेश्वर नावाचं जुनं गिऱ्हाईक होतं. तिखट बोलायचा, पण दरवर्षी इथूनच रोपं न्यायचा. त्याने एक एक बेड बघितला.

“ही कुनी निजवलीत? जेवन जास्ती झालं का काय ह्यांना?”

“हवेला काढली सकाळी,” आदिनाथ ओशाळून म्हणाला. “उठतील उद्या.”

“उठून काय शाळंत जानार हायती का? बे आदिनाथ, तुझी माय असती तर असलं गवत मला दाखवलं नसतं.” परमेश्वर शेवटच्या बेडपाशी गेला. वाकला. एका रोपाचं बूड त्याने चिमटीत धरून दाबलं, हलवलं. मग ट्रेमधून ते उपसून मुळ्या बघितल्या. पांढऱ्या मुळ्यांची गच्च जाळी होती. “हे रोप. हे कावून लपवून ठेवलं?”

“ते बुटकं राहिलं म्हनून…”

“बुटकं? बूड बग की. पेन्सिलीवानी हाय. ही समदी दे मला. अन् पुढच्या खेपंला असलीच कर. कुनी केलीत?”

“संगीताचा बेड हाय,” सुनिता दारातून म्हणाली.

आपल्या हाताने रोपं बिघडली नव्हती, हे साखराबाईला कळायला वेळच लागला. आणि कळलं तेव्हा सुटल्यासारखं वाटायच्या आधी दुसरंच वाटलं. हेही संगीताच्याच पदरात पडलं. पहाटे उठून हात आपण फिरवला, तळव्याला डाग आपल्या पडले, आणि ‘कुणी केलीत’ म्हटलं की नाव संगीताचं. आणि आपण काही बोलू शकत नाही. बोलायचं तर कशासाठी फिरवला, तेही सांगावं लागेल.

“काय केलं गं तू?” आदिनाथने संगीताला विचारलं. “नेमकं काय केलं ते सांग.”

संगीताने बेडकडे बघितलं. मग साखराबाईकडे.

“म्या न्हाई केलं दादा. मावशीनं केलं.”

तिने शेवटच्या वाटेकडे हात केला.

“मावशी रोज सकाळी मपल्या रोपावरून हात फिरवत व्हत्या. म्या बगितलंय. हितं वाटंत हुबं ऱ्हाऊन. हात जिथवर पोचतो तिथवरच बगा, जोर धरलाय. पल्याडची तशीच गेलीत उंच.”

आदिनाथने पुन्हा ती रेघ बघितली. वाटेत उभा राहिला, वाकून हात लांब केला. त्याचा हात रेघेच्या थोडा पुढे गेला. “मावशीचा आखूड हाय,” तो स्वतःशीच म्हणाला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. तो कृषी विद्यालयात शिकलेला होता. तिथलं अर्धंमुर्धं आठवत असावं. उरलेलं त्याने फोनवर शोधलं आणि वाचता वाचता मोठ्याने सांगू लागला. “आसं हाय बगा. रोपाला स्पर्श कळतो. हात फिरला की त्याला वाटतं वारा सुटलाय. मग ते उंच जायचं थांबवतं, आधी बूड जाड करतं, मुळ्या धरतं. माळावरचं झाड न्हाई का ठेंगनं अन् चिवट असतं, तसं. काही ठिकानी मुद्दाम झाडूनी लोटतेत म्हनं रोपं.”

“अन् ही निजलेली?” परमेश्वरने विचारलं.

“ती गर्दीनं. ट्रे खेटून मांडले, वर सावली. शेजारच्याच्या पानातून आलेला उजेड रोपाला वेगळा कळतो. शेजारी आपल्या पुढं चाललाय म्हनलं की ते नुसतं वर पळतं. बुडात काही ऱ्हात न्हाई.”

साखराबाई आपल्या आडव्या बेडकडे बघत होती.

“आनि हे मावशीला आपसूक ठाव,” आदिनाथ म्हणाला. “आईनं सांगितलं असंल. मावशी, बोलायचं न्हाई का? मी त्या पोरीला उगं बोललो. पुढचं बी तुमीच टाका बाई. माझं चुकलं.”

सुनिता खाली बघत होती. परमेश्वर ट्रे मोजून टेम्पोत चढवायला लागला.

सगळे पांगल्यावर साखराबाई हौदावर गेली. संगीता तिथे ट्रे धूत होती. साखराबाईने एक ट्रे उचलून पाण्यात धरला. मग पाण्याकडे बघत ती म्हणाली, “ती माया न्हवती गं.”

“ठाव हाय,” संगीता म्हणाली.

तिने पुढचा ट्रे पाण्यात बुडवला. “पहिल्या दिशी म्या लवकर आलते. नेटच्या मागं हुबी व्हते. वाटलं उपटाया आलाव. तोंडानं काय काय बोलत व्हताव, तेबी ऐकलं.”

साखराबाईने ट्रे पाण्यातून वर काढला.

“मग वरडली कावून न्हाईस?”

“उपटायचंच असतं तर एका सकाळीत समदं उपटलं असतं. तुमी न्हाई उपटलं. म्हनलं, बगू.” ट्रेच्या खळग्यात अडकलेला भुगा ती बोटाने काढत होती. “रडले त्या दिशी सांगनार व्हते दादाला. पर मला फडातून हितं आनलं कोनी? आज कशापायी फिरवला ते सांगितलं असतं तर तुमी घरी बसल्या असत्या, अन् लोक आनखी बोलले असते.”

“अन् तुला काय मिळालं त्यात?”

“काय न्हाई.” संगीताने ट्रे झटकला. पाणी दोघींच्या अंगावर उडालं. “रोपाला काय कळतंय मावशी. हात लागला, येवढंच कळतं.”

साखराबाईला रडू यायला हवं होतं. तिला आलं ते वेगळंच. हेही हिलाच जमलं. मन मोठं करायचं, तेही हिनेच. आपल्या वाट्याला दुसऱ्याने मोठं मन केल्यावर खाली बघणं तेवढं आलं. ती जळफळत तिथेच उभी राहिली आणि मग वाकून तिने दुसरा ट्रे धुवायला घेतला.

पुढचं बी वांग्याचं होतं. नारळ फुटला, पाकीट साखराबाईच्या ओंजळीत आलं. तिने बोटाच्या टोकाने खळगा केला, बी सोडलं, भुगा घातला, दाबलं नाही. बाया बघत होत्या. ज्यासाठी ती इतकी जळाली होती, ते एका बीभराचं काम होतं. झालं. मग ती सरकून बसली आणि पाकीट तिने संगीताच्या हातात दिलं.

वांगी उगवून ट्रे बेडवर आले तेव्हा आदिनाथने आधी ते सैल मांडायला लावले. मग ठरवून टाकलं, रोज सकाळी सगळ्या रोपांवरून हात फिरवायचा आणि ते काम मावशीचं. संगीताने हाताखाली शिकायचं. ज्या हाताला गावाने कशाला शिवू दिलं नव्हतं, तो आता शेडनेटमधल्या एकूण एक रोपाला रोज लागणार होता. साखराबाईने शेवटच्या बेडपासून सुरुवात केली. संगीता तिच्या मागे. संगीता हात इतका हळुवार फिरवत होती की पानंसुद्धा हलत नव्हती.

“जोरात,” साखराबाई म्हणाली.

“लागंल की त्येला.”

“लागू दे. वाकलं पायजे, मोडलं न्हाई पायजे.” तिने संगीताचं मनगट धरलं आणि तिचा तळहात रोपांवर दाबून पुढे नेला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी तिने मनगट सोडलं, तरी हात तसाच चालला. नेमका तेवढाच जोर. पोरीला हेही लागलीच आलं. साखराबाईला ते ओळखीचं टोचणं पुन्हा जाणवलं. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

हौदावर हात धुऊन, पदराला पुसून ती दुसऱ्या बेडकडे निघाली, तेवढ्यात सुनिता पोराला घेऊन आली. फोन वाजत होता आणि पोर काही खाली उतरत नव्हतं.

“धर गं जरा ह्याला,” ती संगीताला म्हणाली.

संगीताने दोन्ही तळवे वर करून दाखवले. हिरवे, चिकट. “मपले हात भरलेत वैनी. मावशीकडं द्या. त्येंनी आताच धुतले.”

सुनिता थांबली. फार नाही, दम घेण्याइतकीच. पोर साखराबाईकडे झुकलं होतं, मूठ उघडमीट करत होतं. सुनिताने एक पाऊल पुढे टाकलं, पण पोराच्या पाठीवरचा तिचा हात सैल होत नव्हता.

“माझाबी भरलेला हाय,” साखराबाई म्हणाली आणि आपला स्वच्छ धुतलेला उजवा हात तिने पदराखाली घेतला. “ऊन लागंल त्येला. जा घेऊन घरात.”

सुनिता गेली. संगीताने आपले हिरवे तळवे खाली घेतले.

साखराबाईने पदराखालचा हात बाहेर काढला. तो कोरडा होता, साबणाचा वास येत होता. पुढच्या बेडच्या कडेला उभी राहून तिने तो रोपांवर टेकवला आणि जिथवर पोहोचेल तिथवर नेला. रोपं कलली. ती पुढच्या ट्रेकडे सरकली तेव्हा मागची एक एक करून उभी राहत होती.